गाडीच्या इंजिनमधील ऑइलगळती: उगम कसा शोधावा आणि गळती कशी बंद करावी

इंजिनच्या ऑइलगळतीत सर्वाधिक पैसा आणि श्रम वाया जातात ते दुरुस्ती चुकल्यामुळे नव्हे, तर निदान चुकल्यामुळे. छतात मुरलेले पाणी जसे भिंतीवर भलतीकडेच उमटते, तसे ऑइलही जिथून बाहेर पडते तिथे क्वचितच ठिबकते. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यातून पाझरलेले ऑइल सिलिंडर हेडच्या पाठीवरून उतरते, ब्लॉकच्या कडेने किंवा एखाद्या वायरच्या आधाराने खाली येते, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी साठते आणि तिथून जमिनीवर पडते. त्यात गाडी धावताना समोरून येणारा वारा ते आणखी मागे पसरवतो. खालून पाहणाऱ्याला वाटते की क्रँकचे (इंजिनमधल्या मुख्य फिरत्या शाफ्टचे) मागचे ऑइल सील गेले. मग गिअरबॉक्स उतरवला जातो, सील बदलले जाते आणि थोड्याच दिवसांत डाग पुन्हा दिसू लागतो. म्हणून या लेखात शोधाला दुरुस्तीपेक्षाही थोडे अधिक महत्त्व दिले आहे.

आधी धोका किती आहे ते ठरवावे

एखाद्या जोडावर बोटाला जेमतेम लागेल एवढी ओल असेल, तिच्यावर धूळ बसली असेल आणि थेंब पडत नसेल, तर तो नुसता पाझर आहे. त्यावर लक्ष ठेवून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबता येते. जमिनीवर थेंब पडू लागले की मात्र शोध घ्यावा. दोन परिस्थितींत तर गाडी चालवूच नये. पहिली म्हणजे चालू इंजिनात डॅशबोर्डवरचा लाल ऑइल दिवा लागणे. हा दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा बेअरिंगपर्यंत पुरेसे ऑइल पोहोचत नसण्याची शक्यता असते, म्हणून सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे. दुसरी म्हणजे ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या तापत्या नळीवर पडणे. जळक्या ऑइलचा वास आणि बॉनेटच्या कडेने निघणारा निळसर धूर ही त्याची खूण आहे, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवरचे ऑइल पेट घेऊ शकते.

तिसरी एक बाब आहे, ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक घातक ठरते. कोरडा चालण्यासाठी बनवलेल्या रबरी टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या तालात फिरवणाऱ्या पट्ट्यावर) ऑइल पडत राहिले तर तो फुगतो आणि त्याचे दाते कमजोर होतात. तो बेल्ट तुटला किंवा त्याने दाते सोडले, तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका सीलचे काम हेड उघडण्यापर्यंत जाते. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेतून ऑइल येत असेल, तर ते काम पुढे ढकलू नये.

पातळी तपासताना गाडी सपाट जागी असावी आणि इंजिन बंद करून ५ ते १० मिनिटे झालेली असावीत. डिपस्टिकच्या किमान आणि कमाल खुणांमधला फरक बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटरचा असतो. पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवावेत, म्हणजे गळतीचा वेग अंदाजाने नव्हे, मोजून कळतो. पातळी कमाल खुणेच्या वर असेल तर आधी जादा ऑइल काढावे, कारण अति भरलेले ऑइल हेदेखील गळतीचे कारण असू शकते. पातळी घटत असूनही बाहेर कुठेच ओल नसेल, तर ऑइल बहुधा आत जळत आहे. सायलेन्सरमधून येणारा निळसर धूर त्याची साक्ष देतो, आणि तो या लेखाचा विषय नाही.

गळणारा द्रव इंजिन ऑइलच आहे याची खात्री करावी

रात्री गाडीखाली एक मोठा स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवावी. सकाळी थेंब नेमके इंजिनच्या कोणत्या बाजूला पडले ते त्यावरून कळते. नवे इंजिन ऑइल सोनेरी-पिवळसर आणि वापरलेले तपकिरी ते काळे असते. डिझेल इंजिनात ते फार लवकर काळे होते. लालसर द्रव बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा असतो. हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी, पाण्यासारखा पातळ आणि गोडसर वासाचा द्रव कूलंट असतो. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ आणि फिकट असते आणि ते रंग खाते. ते गळत असेल तर इंजिनचा शोध बाजूला ठेवून आधी ब्रेककडे पाहावे. एसी चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी ही गळती नव्हे.

कामाची तयारी

गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडण्या लावाव्यात. जॅकने उचललेली गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये, अगदी एका मिनिटासाठीही नाही. जॅकचे काम उचलण्याचे आहे, पेलून धरण्याचे नाही. इंजिन थंड असावे. वापरलेले ऑइल कातडीला वारंवार लागणे आरोग्याला घातक असल्यामुळे हातमोजे घालावेत. अल्टरनेटर, स्टार्टर किंवा प्रेशर स्विचजवळ पाना चालवायचा असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढून ठेवावी. या कामासाठी चांगला टॉर्च, लांब दांड्याचा छोटा आरसा, भरपूर स्वच्छ फडकी आणि टॉर्क रेंच लागतो. मोबाइलला जोडता येणारा केबल कॅमेरा मिळाला तर इंजिनच्या पाठीमागे पाहणे फार सोपे होते.

इंजिन स्वच्छ करणे

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून गाळली जाते, आणि तिथेच शोध बिघडतो. जुन्या ऑइलचा आणि धुळीचा थर बसलेल्या इंजिनावर ताजे ऑइल कुठून आले ते कोणालाही सांगता येणार नाही. अल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचे तोंड, फ्यूज बॉक्स आणि उघडे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकावेत. थंड इंजिनावर डीग्रीझर फवारून काही मिनिटे मुरू द्यावे, ब्रशने घासावे आणि हलक्या धारेने धुवावे. प्रेशरच्या पाण्याचा झोत जवळून मारू नये, कारण तो सीलच्या कडेतून आणि कनेक्टरमधून आत शिरतो. पाणी वापरायचे नसेल तर डीग्रीझर आणि फडक्यांनीही काम होते, फक्त वेळ अधिक लागतो. इंजिनखाली प्लॅस्टिकचे संरक्षक कव्हर असेल तर ते काढावे. त्यात साठलेले ऑइल कव्हरच्या छिद्रातून भलत्याच जागी ठिबकते आणि पुठ्ठ्यावरच्या खुणाही फसव्या करून टाकते.

वरून खाली, पुढून मागे

इंजिन कोरडे झाल्यावर ते १५ ते २० मिनिटे चालवून चांगले गरम करावे, किंवा गाडी एक छोटा फेरा मारून आणावी. मग इंजिन बंद करून टॉर्च घेऊन सर्वांत वरच्या भागापासून पाहणी सुरू करावी. नियम एकच आहे: सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. तिच्याखालची सगळी ओल ही परिणाम आहे असे गृहीत धरून चालावे.

वर आधी ऑइल भरण्याचे झाकण आणि त्याची रबरी रिंग पाहावी. झाकणाभोवतीची ओल कधी कधी फक्त ऑइल भरताना सांडल्याची असते. त्यानंतर टॅपेट कव्हरची कड पूर्ण फिरून पाहावी. मागची बाजू डोळ्यांना दिसत नसेल तर आरसा वापरावा किंवा बोटाभोवती पांढरे फडके गुंडाळून ते जोडावरून फिरवावे. फडक्यावर ताजी ओल जिथे उमटते तिथे थांबावे. पेट्रोल इंजिनात एक इग्निशन कॉइल उचलून स्पार्क प्लगच्या नळीत ऑइल साठले आहे का तेही पाहावे. मग कॅमशाफ्टची सील, डिझेल इंजिनात व्हॅक्यूम पंपाचा जोड, टर्बो असल्यास त्याला ऑइल नेणारी व परत आणणारी नळी, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर आणि ऑइल कूलरचा जोड, टायमिंग कव्हर, क्रँक पुलीमागचे सील, आणि शेवटी ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाचे ऑइलचे भांडे) व त्यातून ऑइल काढण्याचा ड्रेन बोल्ट, या क्रमाने खाली यावे. क्रँक पुलीच्या पातळीवर बॉनेटच्या आत किंवा आसपासच्या भागांवर गोलाकार शिंतोडे दिसले, तर फिरत्या पुलीने ऑइल उडवले आहे, म्हणजे पुढचे सील संशयित ठरते.

नुसत्या डोळ्यांनी उगम सापडला नाही, तर ऑइलमध्ये मिसळायचा अतिनील रंग वापरावा. हा रंग इंजिन ऑइलसाठीचाच घ्यावा, बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवावे. अंधारात अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा घेऊन पाहिले की ताजे ऑइल हिरवट-पिवळे चमकते. फार मंद पाझर असेल तर गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी वापरून मग पाहावे. रंग उपलब्ध नसेल तर स्वच्छ, कोरड्या जोडावर टाल्कम पावडर भुरभुरावी. ऑइल बाहेर येताच पावडरीवर काळी रेघ उमटते आणि तिचे वरचे टोक म्हणजेच उगम. ही पावडर फिरत्या बेल्टवर किंवा हवेच्या तोंडाजवळ टाकू नये.

कोणतेही पॅकिंग बदलण्यापूर्वी ब्रीदर तपासावा

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच क्रँककेसमध्ये उतरतो. तो बाहेर काढून पुन्हा इनटेकमध्ये सोडण्याचे काम ब्रीदर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह करतात. ही वाट चिखलासारख्या गाळाने बुजली की आत दाब वाढतो आणि जे सील सर्वांत अशक्त असेल तिथून ऑइल बाहेर ढकलले जाते. असे इंजिन एक सील बदलले की दुसरीकडून गळते. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी ओल दिसली, तर माझ्या मते पहिला संशय पॅकिंगवर नव्हे, ब्रीदरवर घ्यावा.

तपासणी सोपी आहे. पेट्रोल इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उचलावे आणि तोंडावर कागदाचा पातळ तुकडा धरावा. निरोगी इंजिनात कागद हलका आत ओढला जातो किंवा जवळपास स्थिर राहतो. कागद जोराने बाहेर फेकला जात असेल आणि वाफेसारखा धूर ठोके देत येत असेल, तर ब्रीदर बुजला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. झाकण निघतच नाही इतकी ओढ असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर काही गाड्यांत ब्रीदरमधला रबरी पडदा फाटलेला असतो. डिझेल इंजिनात इनटेकची ओढ कमी असल्याने आत ओढण्याची अपेक्षा ठेवू नये; तिथे जोराचा बाहेरचा झोत हीच वाईट खूण. साधा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला की आतील भागाचा खुळखुळ आवाज यायला हवा. तो स्वस्त भाग असल्यामुळे संशय असेल तर बदलून टाकणेच योग्य, आणि त्याच्या नळ्याही आतून साफ कराव्यात. ब्रीदर साफ करूनही झोत तसाच राहिला, तर कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, कारण झिजलेल्या रिंगांवर नव्या सीलचा उपाय चालत नाही.

दुरुस्ती

*ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टर.* ऑइल बदलल्यानंतर लगेच सुरू झालेली गळती जवळजवळ नेहमी या दोन जागांची असते. ड्रेन बोल्टचा तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दाबला की आकार बदलतो, म्हणून तो दर वेळी नवा घ्यावा. थेंब थांबत नाही म्हणून बोल्ट आणखी आवळत गेल्यास अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टरच्या बाबतीत जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनच्या बैठकीला चिकटून राहते, तिच्यावर नवा फिल्टर चढतो आणि इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल धो धो बाहेर येते. म्हणून बैठकीवरून बोट फिरवून ती मोकळी असल्याची खात्री करावी, नव्या रिंगला ऑइलचे बोट लावावे आणि रिंग टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा आवळावा. फिल्टरवर वेगळी सूचना छापली असेल तर ती पाळावी.

*टॅपेट कव्हर.* ही सर्वांत सामान्य गळती आहे आणि घरी करण्याजोगीही आहे. कॉइल, वायरी आणि ब्रीदरची नळी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. कव्हरभोवतीची माती फुंकून किंवा पुसून काढावी, नाहीतर कव्हर उचलताच ती कॅमशाफ्टवर पडेल. बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे सैल करावेत. कव्हर चिकटले असेल तर कडेवर रबरी हातोडीने हलके ठोकावे. जोडात स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, कारण अॅल्युमिनियमवर पडलेला एक ओरखडा पुढे कायमची गळती बनतो.

आतले जुने पॅकिंग हातात घेऊन पाहावे. चांगले रबर वाकवले की परत येते; उष्णतेने मेलेले रबर प्लॅस्टिकसारखे कडक झालेले असते, खोबणीचाच चौकोनी आकार धरून बसते आणि वाकवताच मोडते. गळतीच्या जागी ते बहुधा सपाट दबलेले किंवा चिरलेले दिसते. तसे दिसले की निदान बरोबर असल्याची खात्री पटते, आणि तसे दिसले नाही तर पुन्हा विचार करावा. खोबणी प्लॅस्टिकच्या पट्टीने साफ करावी, दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करावेत. घासण्यासाठी सँडपेपर किंवा ग्राइंडरची चकती वापरू नये, कारण त्यातून सुटणारे कण ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातात. स्पार्क प्लगच्या नळ्यांची सील आणि बोल्टखालचे रबरी वॉशरही सोबतच बदलावेत.

रबरी पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन फक्त तिथे लावावे जिथे कंपनीचे मॅन्युअल सांगते, म्हणजे बहुधा टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात ते कोपरे आणि कॅमच्या टोकाचे अर्धगोल. तिथेही २ ते ३ मि.मी. जाडीचा छोटा थेंब पुरतो. सगळ्या कडेला सिलिकॉन माखल्यास जादा भाग आत दाबला जातो, तुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ६ मि.मी.च्या या बोल्टना बहुतेक गाड्यांत साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर एवढाच ताण लागतो, म्हणजे अंदाजाने जोर लावण्याची ही जागाच नव्हे. आपल्या इंजिनचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. कव्हर प्लॅस्टिकचे असून वाकलेले किंवा तडकलेले असेल, तर नवे पॅकिंगही टिकणार नाही. पूर्ण कव्हर बदलावे.

*ऑइल प्रेशर स्विच.* स्विचचा कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसले, तर स्विच आतून फुटला आहे. तो खोल गोटीने (सॉकेट पान्याने) काढून नवा बसवावा. एका वायरचा स्विच आपल्या आट्यांतून अर्थिंग घेतो, म्हणून थ्रेड सीलंट सांगितले असेल तरच आणि अगदी बेताने लावावे, अन्यथा दिवा काम करणार नाही.

*ऑइल चेंबर.* आधी सैल बोल्ट शोधावेत. मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळून गळती थांबते का पाहावे, त्यापलीकडे जाऊ नये. चेंबर उतरवावेच लागले, तर पत्र्याच्या चेंबरची बोल्टच्या छिद्रांपाशी वर आलेली कड सपाट करावी आणि पंपाची जाळी साफ करून घ्यावी. सिलिकॉनने बसवलेल्या चेंबरला ऑइल भरण्यापूर्वी ट्यूबवर लिहिलेला वेळ सुकू द्यावे. अनेक सिलिकॉनना पूर्ण घट्ट होण्यास २४ तास लागतात.

*क्रँकचे पुढचे सील.* पुलीचा बोल्ट फार जोराने आवळलेला असतो, म्हणून पुली धरून ठेवण्याचे योग्य साधन हवे. सील उचकटताना शाफ्टला ओरखडा पडू देऊ नये. शाफ्टवर जुन्या सीलने खाचेसारखा पट्टा पाडला असेल, तर त्यावर बसवायची पातळ दुरुस्ती स्लीव्ह मिळते. रबरी कडेच्या सीलला ऑइल लावून बसवतात, टेफ्लॉनच्या कडेचे सील मात्र कोरडेच बसवतात. त्याच्या पाकिटावरची सूचना वाचावी. सील वाकडे जाऊ नये म्हणून त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या नळीने चहूबाजूंनी सारखे दाबत न्यावे. बेल्टच्या इंजिनात इथवर पोहोचण्यासाठी टायमिंग उघडावे लागत असेल, तर टायमिंग लॉक करण्याची साधने आणि अनुभव नसताना हे काम हाती घेऊ नये.

*क्रँकचे मागचे सील.* यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. वरचे सगळे कोरडे असून बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचभोवतीच्या कवचाच्या) खालच्या छिद्रातून इंजिन ऑइल येत असेल, तरच सील दोषी मानावे. त्या ऑइलला गंधकाचा वास असेल, तर सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आहे. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर ऑइल लागलेली क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून घ्यावे. हे काम लिफ्ट असलेल्या गॅरेजकडे सोपवणेच शहाणपणाचे.

गळती थांबवणारी द्रव्ये ऑइलमध्ये घालून पाहावीत का, असे नेहमी विचारले जाते. ती कडक झालेले रबर थोडे मऊ करून फुगवतात, त्यामुळे मंद पाझर काही काळ कमी होऊ शकतो. फाटलेले पॅकिंग, झिजलेला शाफ्ट किंवा बुजलेला ब्रीदर यांवर त्यांचा उपयोग नाही. गिअरबॉक्स उतरवण्याइतका खर्च जुन्या गाडीवर परवडत नसेल, तेवढ्यापुरताच मी हा पर्याय मान्य करेन.

दुरुस्तीनंतर

योग्य ग्रेडचे ऑइल खुणेपर्यंत भरावे आणि इंजिन सुरू करावे. लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करावे. १० ते १५ मिनिटे आयडलवर चालवून दुरुस्त केलेला जोड टॉर्चने पाहावा, इंजिन बंद करून पातळी पुन्हा मोजावी. त्यानंतर साधारण १०० किलोमीटर चालवून त्याच जोडावरून पांढरे फडके फिरवावे. मॅनिफोल्डवर आधी सांडलेले ऑइल जळून जाईपर्यंत थोडा वास येत राहतो. तो दिवसागणिक कमी व्हायला हवा. जुन्या इंजिनात एकाच वेळी दोन गळती असणे नवलाचे नाही, म्हणून ओल पुन्हा दिसली तर नुकतेच बदललेले पॅकिंग उघडण्याऐवजी शोध पुन्हा वरून सुरू करावा. काढलेले जुने ऑइल गटारात किंवा जमिनीवर न ओतता बंद डब्यात भरून वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. इंजिनखालचे प्लॅस्टिकचे कव्हर ही सगळी तपासणी पार पडल्यावरच, आतून धुऊन आणि पूर्ण कोरडे करून परत बसवावे, म्हणजे त्यात राहिलेले जुने थेंब नवी गळती म्हणून दिसणार नाहीत.